बारीक कामाची करवत घेताय? आधी हे वाचून घ्या

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात जाऊन "बारीक दात्याची करवत द्या" म्हटलं की दुकानदार बहुतेक लोखंड कापायची हॅक्सॉ काढून समोर ठेवतो, नाही तं भिंतीवरची मोठी करवत काढतो अन् म्हणतो हेच चालते, सगळे वाढई हेच नेतात. त्याचंही खोटं नाही, गावात करवत लागते ती चौकटीला, फळीला, गोठ्याच्या बल्लीला. तान्ह्या पोळ्याचा वीतभर लाकडी बैल, फोटोफ्रेम, दागिन्याची डबी, देवघराची लहान कमान असली कामं करणारे थोडेच. मी शेती सांभाळून हीच कामं करतो, अन् आता गावातली पोरं विचारून राहिली की भाऊ कोणती करवत घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, ज्याला पाहिजे त्याने वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. जेवढे बारीक दाते तेवढी भारी करवत, हे डोक्यातून काढून टाका. दाते लाकडाच्या जाडीप्रमाणे लागतात, बाकी काही नाही.

१. आधी काम ठरवा

दुकानात जायच्या आधी स्वतःला विचारा: लाकूड किती जाड आहे, कोणतं आहे, काप सरळ आहे का वळणाचा, लाकडाच्या रेषेसोबत चिरायचं आहे का रेषेला आडवं कापायचं आहे, अन् तुम्ही टेबलावर उभं राहून काम करता का खाली बसून. शेवटचा प्रश्न कोणी विचारतच नाही, पण करवत निवडताना तो लय कामाचा आहे, पुढे सांगतो.

लाकडाबद्दल थोडंसं. आपल्याकडे बारीक कामाला शिवण अन् हळदू सोपं जातं, रेषा बारीक असते, काप साफ निघतो. सागवान तं विदर्भाचं नावच आहे, बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत गेलं, पण सागवानात रेतीसारखा अंश असतो (सिलिका म्हणतात त्याला) त्यामुळे धार लवकर जाते हे धरून चाला. बाभूळ टणक, नाजूक दात्याचा दुश्मन. अन् ओलं लाकूड तं बारीक करवतीला दाखवूच नका. धुऱ्यावरची फांदी आज तोडली अन् उद्या कापायला घेतली असं चालत नाही, बारीक करवतीचे दाते बाजूला फारच कमी फाकवलेले असतात त्यामुळे ओल्या लाकडात पातं आवळून बसतं. सागवान आपल्या धुऱ्यावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, म्हणून लहान कामाला आरामशीनवरचे नाही तं फर्निचरवाल्याकडचे तुकडे घ्या, वाळलेलेही असतात अन् झंझटही नाही.

२. दाते मोजायला शिका

करवतीवर किंवा पाकिटावर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती दाते. काही कंपन्या पीपीआय लिहितात, तो आकडा टीपीआयपेक्षा एकने जास्त असतो कारण त्यात इंचाच्या दोन्ही टोकांवरचे दाते मोजतात, तेवढ्यानं घाबरू नका. चौकटीच्या मोठ्या करवतीला साधारण ७-८ दाते असतात, पाठवाल्या (पात्याच्या वरच्या काठाला धातूची पट्टी बसवलेल्या) टेनन सॉला १२-१४, डव्हटेल सॉला १४ ते २०, अन् जपानी बारीक करवतीला २२-२६ पर्यंत.

आता किती दाते पाहिजे हे कसं ठरवायचं? नियम असा की कापताना लाकडाच्या जाडीत कमीत कमी तीन दाते एका वेळी बसले पाहिजे. त्यापेक्षा कमी बसले की दाता काठावर अडकतो, गचका बसतो अन् पातळ लाकूड फाटतं. हे सुताच्या हिशोबात फारच सोपं होतं. एक इंचाचे आठ सूत. म्हणून २४ ला जाडीच्या सुतांनी भागा, येईल तो कमीत कमी टीपीआय.

एक सूत (३ मिमी) प्लाय असेल तं २४ दाते. दोन सूत असेल तं १२. अर्धा इंच म्हणजे चार सूत, तिथं ६ पण चालतात.

पण हा झाला कमीत कमी. साफ कापासाठी याच्या दुप्पट ते अडीचपट घ्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या फळीला १२ ते १५. त्याच्या फार वर गेलं की उलटी गंमत सुरू होते: दोन दात्यांमधली जागा इतकी लहान असते की भुसा तिथेच भरून बसतो, पातं नुसतं घासत राहते, गरम होते, माणूस वैतागून जोर लावतो अन् जोर लावला की काप वाकडा गेलाच म्हणून समजा. एक इंच जाड सागवानात २४ दात्याची करवत घालणाऱ्याला दिवसभर बसावं लागते.

पाकिटावर नुसतं "फाइन कट" किंवा "सुपर फाइन" लिहिलं असेल अन् आकडाच नसेल तं स्वतः मोजा. दात्यांना स्टीलची पट्टी लावा, मोबाइलने जवळून फोटो काढा, झूम करून एका इंचातले दाते मोजा. डोळ्याने मोजायला जाल तं दहाच्या पुढे गोंधळच होतो.

३. चिरायचं की कापायचं

हे दोन वेगळे धंदे आहेत अन् दातेही वेगळे असतात. रेषेसोबत चिरायच्या करवतीचा दाता समोरून सपाट असतो, बारक्या पटाशीसारखा, तो लाकूड उकरत पुढे जातो. आडवं कापायच्या करवतीचा दाता तिरपा घासलेला असतो, चाकूच्या टोकासारखा, तो आधी रेषा तोडतो. चिरायच्या दात्याने आडवं कापलं तं काठ थोडा फाटतो पण काम होतं, कापायच्या दात्याने चिरायला गेलं तं संध्याकाळ होते.

इथं बहुतेकांची फसगत होते ती डव्हटेल जोडात. डबीच्या कोपऱ्याचा, कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत बसवलेला हा जोड दिसायला आडव्या टोकावर असतो म्हणून आडवं कापायची करवत घेतात, पण करवत उतरते ती रेषेसोबत. म्हणून या जोडाला चिरायच्या दात्याची करवत लागते. दाते बारीक असले, १५ च्या पुढे, की चिरायच्या दात्याने आडवं कापलं तरी काठ बऱ्यापैकी साफ निघतो, म्हणून एकच घ्यायची असेल तं चिरायच्या दात्याची घ्या असं माझं मत आहे.

४. ढकलायची की ओढायची

आपल्या दुकानात मिळणारी करवत ढकलताना कापते, जपानी करवत ओढताना कापते. ढकलताना पातं वाकू नये म्हणून त्याला जाडी द्यावी लागते अन् वर पोलादाची नाही तं पितळेची पाठ बसवावी लागते. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं म्हणून ते पातळ ठेवता येतं, दोझुकी नावाच्या जपानी करवतीचं पातं ०.३ मिमीच्या आसपास असतं अन् काप अर्ध्या मिमीचा. साध्या डव्हटेल सॉचं पातंच अर्धा मिमी.

आता बसण्याचा प्रश्न. आपल्याकडचे जुने वाढई जमिनीवर बसून, पायात लाकूड दाबून, करवत स्वतःकडे ओढत कापायचे. तुम्ही पण खालीच बसून काम करत असाल, घरात टेबल नाही, लाकूड आवळून धरायचा शिकंजा नाही, तं ओढायची करवत तुमच्या अंगाला लवकर बसते. टेबल-शिकंजा असेल तं ढकलायची घ्या, लाकूड तिच्यासमोर हलत नाही. माझ्या गावातले एक म्हातारे वाढई मला पाहून म्हणायचे, "करवत आपल्याआपनं चालली पाहिजे, तू कायले जोर लावून राहिला?" ढकलायची असो का ओढायची, हे दोन्हीला लागू आहे.

ओढायची करवत सवयीने ढकलली की पातळ पात्याला कुबड येतं, अन् ते कुबड मग निघत नाही. हातोडीने सरळ करायच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये.

५. कोणती करवत कोणत्या कामाची

पाठवाली लहान करवत (डव्हटेल सॉ, तिचीच सरळ दांडीवाली बहीण म्हणजे जेंट्स सॉ): ८ ते १० इंच लांब, १४-२० दाते. सरळ अन् नेमका काप, डबी, चौकट, लहान जोड. पाठ असल्यामुळे एका खोलीच्या पुढे उतरत नाही, तेवढं लक्षात ठेवा. तालुक्याला ही क्वचित मिळते, तिथं मिळते ती टेनन सॉ, १०-१४ इंची, फोटोफ्रेमला मायटर बॉक्ससोबत (कोपरे तिरपे कापायला खाचा असलेली पेटी) एकदम बरी, पण बैलाच्या शिंगाला जाड पडते.

जपानी: दोझुकीला पाठ असते अन् बहुतेक आडवं कापायची असते. र्‍योबाला दोन्ही बाजूंनी दाते, एका बाजूनं चिरा, दुसऱ्या बाजूनं कापा, पाठ नाही म्हणून खोल जाते. कताबाला एकाच बाजूनं दाते, पाठ नाही. नवीन माणसाने एकच जपानी घ्यायची असेल तं लहान र्‍योबा घ्यावी. बाभूळ, धावडा किंवा गाठीचं लाकूड असेल तं जपानी काढूच नका, तिचे लांब टोकदार दाते तुटतात. एक दाता तुटला की शेजारचे पण जातात.

कोपिंग सॉ: वळणाचं काम हिच्याशिवाय नाही. साडेसहा इंचाचं पातळ ब्लेड, धनुकलीसारखी फ्रेम. बैलाच्या चार पायांमधली कमान, मानेचा बाक, शेपटीचा वळसा सगळं हिनेच निघतं. ब्लेडची दिशा दोन्हीकडे लावता येते, मी दाते मुठीकडे करून लावतो म्हणजे ओढताना कापते अन् ब्लेड तुटत नाही. स्वस्त आहे, ब्लेड बदलता येतं. फ्रेमच्या खोलीपेक्षा आत जाता येत नाही, म्हणून मोठ्या फळीच्या मधोमध नक्षी कापायची तं हिचा उपयोग नाही.

याच्याही खाली जायचं असेल, जाळीचं अगदी नाजूक काम, तं सोनाराची आरी. नागपूरला इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे फ्रेम अन् नंबरी ब्लेडचा जुडगा दोन्ही मिळतात. ब्लेड धातूसाठीच बनवलेलं आहे म्हणून लाकडात हळू चालतं, एक सूत-दीड सुताच्या वर जाऊ नका. हार्डवेअरवाल्याला याबद्दल विचारलं तं तो तुमच्याकडे पाहतच राहील.

अन् ज्युनियर हॅक्सॉ? ६ इंची ब्लेड, ३२ दाते. लोक हसतात, मी हसत नाही. बांबू, बारीक गोल दांडी, बैलगाडीच्या चाकाची आरी (करवत नव्हे, चाकातली), एक-दीड सुताची पट्टी याला मस्त. जाड लाकडात दाते भुशाने भरतात, तिथं नको.

मला एवढ्यातून दोनच घ्यायला सांगाल तं १५ च्या आसपास दात्याची, चिरायच्या धारेची, पाठवाली लहान करवत अन् एक कोपिंग सॉ. बैल, डबी, फ्रेम तिन्ही होतात. दहा हत्यारांचा सेट स्वस्तात मिळून राहिला म्हणून घेऊ नका, त्यातलं एकही नीट नसतं.

६. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- ज्यावर काम करायचं त्याच लाकडाचा वाळलेला तुकडा
- स्टीलची सहा इंची पट्टी
- लहान गुण्या (काटकोन पाहायचा)
- टोकदार पेन्सिल, नाही तं खूण करायला चाकू
- मोबाइल (दाते मोजायला)

७. दुकानात काय पाहायचं

करवत डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा, टोकापासून मुठीपर्यंत दात्यांच्या ओळीवरून पाहा. पातं सरळ दिसलं पाहिजे, कुठं पोट आलं असेल तं परत ठेवा. मग उजेडाकडे करून दाते पाहा, एक डावीकडे एक उजवीकडे असे सारखे फाकले आहेत का, मधेच एखादा जास्त बाहेर आला असेल तं तो कापात ओरखडा सोडतो.

पाठ हाताने हलवून पाहा. ढिली पाठ म्हणजे डोकेदुखी.

दात्यांची टोकं निळी-काळी दिसली तं ते विजेच्या झटक्याने कडक केलेले दाते आहेत. जास्त दिवस टिकतात पण त्यांच्यावर कानस चालत नाही, धार गेली की करवत गेली. तालुक्यापासून लांब राहणाऱ्याने हा हिशोब आधीच करावा: एक तं कानस लागणारी करवत घ्या अन् धार लावायला शिका, नाही तं ब्लेड बदलता येणारी घ्या अन् दोन ब्लेड सोबतच आणून ठेवा.

मूठ हातात धरून मनगट सरळ राहते का पाहा. तीन बोटं मुठीत अन् पहिलं बोट पात्याच्या दिशेने समोर, अशी धरायची असते. मोठ्या हाताच्या माणसाला स्वस्त करवतीची मूठ बोटात रुतते.

जमलं तं तुकड्यावर एक काप मारून पाहू द्या म्हणजा. सगळे दुकानदार देत नाहीत, पण विचारायला काय जाते.

जुन्या भंगारातली पाठवाली करवत दिसली तं सोडू नका. वरवरचा जंग घासून निघतो. दात्यांच्या मुळाशी जंगाने खड्डे पडले असतील तं मात्र घेऊ नका, धार लावताना दाते मोडतात.

८. ऑनलाइन घेत असाल तं

ग्योकुचो, सुईझान, झेड सॉ ही खरी जपानी नावं आहेत. पण "जपानी स्टाइल" लिहिलेलं सगळं जपानी नसतं. पात्याची जाडी मिमीमध्ये दिली आहे का पाहा, दिली नसेल तं घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो पाहा, घडीची झाडं छाटायची करवत पण याच नावाने विकतात, ती फांद्यांसाठी आहे. बदली ब्लेड वेगळं मिळतं का हे ऑर्डर करण्याआधीच बघून घ्या. गावाच्या पिनकोडवर पार्सल चार हातांतून येतं, म्हणून फोडताना व्हिडिओ काढजा, वाकलेला दाता दिसला तं परत करायला तोच पुरावा.

९. घरी आणल्यावर पहिली परीक्षा

नवीन पात्यावर कंपनीचं तेल असते, ते पुसा, नाही तं लाकडावर डाग पडतो.

लाकूड हलणार नाही असं धरा. ढकलायच्या करवतीला साधा टेकू पुरतो: एक फळी, खाली आपल्या बाजूच्या काठाला एक पट्टी जी टेबलाला अडते, वर पलीकडच्या काठाला एक पट्टी जिला लाकूड टेकते. ओढायच्या करवतीला हा टेकू उलटा लागतो, वरची पट्टी आपल्या बाजूला, नाही तं लाकूड अंगावर येते.

खूण पेन्सिलपेक्षा चाकूने करा, गुण्या लावून. चाकूची चीर करवतीला वाट देते अन् काठही फुटत नाही. सुरुवातीला करवत दोन-तीन वेळा उलट्या दिशेने हलकी फिरवा, खाच पडली की मग कापा. करवतीच्या वजनानेच कापू द्या, वरून दाबू नका.

आता एक नजरेची गोष्ट. नवीन पातं आरशासारखं असतं. करवत फळीच्या काठावर ठेवली की काठाचं प्रतिबिंब पात्यात दिसतं. खरा काठ अन् पात्यातला काठ एका सरळ ओळीत दिसत असेल तं करवत काटकोनात आहे, मधे कोपरा मोडल्यासारखा दिसला तं हात तिरपा आहे. गुण्या लावायची गरजच राहत नाही, फक्त उजेड आपल्या बाजूने पाहिजे.

दहा-बारा काप मारा. सगळे एकाच बाजूला सरकत असतील अन् हात सरळ असेल, तं त्या बाजूचे दाते जास्त फाकलेले आहेत. धार लावायच्या बारीक दगडावर त्याच बाजूनं दाते एकदा, अगदी हलकं, सपाट ठेवून फिरवा, परत कापून पाहा, परत सरकलं तं परत एकदा. जास्त घासलं तं दुसऱ्या बाजूला जाईल. हे कडक केलेल्या दात्यांवर अन् जपानी ब्लेडवर करू नका.

१०. सांभाळ

आपला उन्हाळा कोरडा, तेव्हा करवतीला काही होत नाही. जंग लागते ती पोळ्याच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात, नेमकी तेव्हाच बैलांची कामं जोरात असतात. काम झालं की भुसा ब्रशने झाडा, शिलाई मशीनच्या तेलाचा कपडा फिरवा, दात्यांवर लांब चिरलेला पाण्याचा पाइप नाही तं पुठ्ठा चढवा अन् खुंटीला टांगा. सागवानाचा चिकटा पात्यावर बसतो, रॉकेल मिळत नसेल तं थिनरने पुसा.

घरात जवसाचं तेल असेल तं ते पात्याला लावू नका, ते हवेने वाळून चिकट थर होतो. लाकडी मुठीला मात्र तेच लावा, मुठीला त्यासारखं दुसरं काही नाही. तेलाचा कपडा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या तेलाचा चोळामोळा केलेला कपडा आपोआप गरम होऊन पेटू शकतो, पसरवून वाळवा. करवत जड चालत असेल तं पात्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी मेणबत्ती घासा.

धार गेली हे ओळखायचं कसं? भुसा कणीदार यायचा तो पिठासारखा यायला लागतो, अन् तुमचा हात नकळत दाबायला लागतो. कानस लागणारी असेल तं लहान तिकोनी कानस घ्या, सगळ्यात बारीक, दात्याच्या मूळ कोनात प्रत्येक दात्याला सारखेच एक-दोन फटके मारा, पुढेच ढकला, मागे ओढताना उचला. २० च्या वर दाते असतील तं हे चष्म्याशिवाय जमणार नाही, अन् जमवायच्या मागेही लागू नका, ब्लेड बदला. गावात कोणी जुना वाढई असेल तं पहिली धार त्याच्यासमोर बसून लावजा, हाताचा कोन वाचून येत नाही. गेलेलं ब्लेड फेकू नका, तुकडे करून काठ घासले की रंध्यासारखं लाकूड साफ करायची खरवडपट्टी होते, बैलाच्या पाठीला पॉलिशपेपर मारायच्या आधी तीच फिरवा.